कोच काय म्हणाला

माझं इंग्रजी फार चांगलं आहे, असा आमच्या गावात बरीच वर्षं समज होता, आणि तो पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा माझाच होता. पाचवी ते सातवीला मी इंग्रजी शिकवते. आखातातून आलेली पत्रं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, पासपोर्टचे फॉर्म, काहीही अडलं की लोक म्हणतात, पॉलिन टीचरला विचारा. मीही चष्मा लावून वाचते आणि जे कळत नाही तिथे जरा खोकते.

त्यामुळे १९८४च्या डिसेंबरात रुडॉल्फ जहाजावरून सुट्टीवर आला, आणि येताना व्हिडिओ आणि बास्केटबॉलवरच्या एका अमेरिकन सिनेमाची कॅसेट घेऊन आला, तेव्हा फादरांनी माझ्याकडेच पाहिलं. चर्चच्या मैदानात नुकत्याच दोन रिंगा बसवल्या होत्या आणि मुलं त्यांच्या खांबांना स्टंप करून क्रिकेट खेळत होती. सिनेमा बघून तरी त्यांना रिंगांचा उपयोग कळेल, अशी फादरांची आशा होती. रुडॉल्फ म्हणाला, टीव्हीशेजारी उभा राहून मीच मराठीत सांगतो. मी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. जहाजावरचं इंग्रजी कामापुरतं असतं, सिनेमा समजायला व्याकरण लागतं, असं म्हणाले. तो बिचारा हसला आणि वायर जोडायला गेला.

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या, टीव्ही उंच टेबलावर ठेवला आणि मी फूटपट्टी घेऊन त्याच्या बाजूला उभी राहिले. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळून चुकलं की मला काहीही कळत नाहीये. ती माणसं तोंडात भाताचा घास ठेवून बोलत होती. मला फक्त ‘मदर’, ‘बॉल’ आणि ‘नो’ एवढं समजत होतं. पण समोर दीडशे माणसं होती, आणि पुढच्याच रांगेत मासळी विकून परत चाललेली आनंदीबाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणून मी चेहरे बघून सांगायला लागले. एक दफन दिसलं, तेव्हा ‘याचा बाप मेला’ असं जाहीर केलं. कोच त्या पोरावर ओरडला आणि त्याचा शर्ट काढून घेतला, तेव्हा ‘कुणीतरी याच्याबद्दल खोटंनाटं सांगितलं, म्हणून कोचनं याला टीममधून काढलं’ असं सांगितलं. ते बरोबर होतं की नाही, देव जाणे. लोक माना डोलवत होते.

मग तिसऱ्या रांगेत मला रेजिना दिसली. दोन मुलींना घेऊन बसली होती.

रेजिना, हिल्डा आणि मी एका शाळेतल्या. १९७१ साली सिस्टरांनी मुलींची बास्केटबॉलची टीम काढली. मी कॅप्टन होते, कारण माझा आवाज मोठा होता. खेळत होती ती रेजिना. ती बॉल घेऊन निघाली की आम्ही उरलेल्या चौघी मैदानात उगाच उभ्या असल्यासारख्या दिसायचो. बांद्र्याच्या एका शाळेशी मॅच ठरली. तिथल्या सिस्टर रेजिनाला पाहणार होत्या आणि आवडली तर शिक्षणासाठी हॉस्टेलला ठेवून घेणार होत्या. ही गोष्ट रेजिनानं हिल्डाला आणि मला, दोघींनाच सांगितली. तिचे वडील सिप्रियनकाका तापट नव्हते पण भित्रे होते, लोक काय म्हणतील याला फार भिणारे.

मॅचच्या चार दिवस आधी मी सिप्रियनकाकांच्या बागेत गेले. ते केळीला पाणी लावत होते. मी म्हटलं, काका, बांद्र्याला मुली आखूड चड्डी घालून पुरुषांसमोर खेळतात, आणि रेजिना तिथेच राहायचं म्हणतेय, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. माझं नाव घेऊ नका. काकांनी माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. रेजिनाची शाळा दुसऱ्या दिवशी सुटली आणि पुढच्या वर्षी तिला होळी गावात दिली. आम्ही बांद्र्याला एकतीस-सहा अशा हरलो. त्या सहापैकी दोन गुण माझे होते, तेही समोरच्या मुलीनं मला चुकून ढकललं म्हणून मिळालेले.

एवढ्यासाठी मी एका मुलीचं शिक्षण बंद केलं. नंतर कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेले तेव्हा फादरांपुढे गुडघे टेकून ‘मत्सर केला’ इतकंच म्हटलं. कुणाचा, कसा, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीन वेळा नमो मरिये म्हणायची शिक्षा मिळाली. दोन मिनिटांत मोकळी झाले.

तर सिनेमा शेवटाकडे आला. फायनल चालू आहे, टीम हरते आहे, आणि काढून टाकलेला तो पोरगा प्रेक्षकांत सगळ्यांत वरच्या पायरीवर आईशेजारी बसलाय. अचानक कोच खेळ थांबवतो. पिशवीतून त्या पोराचा शर्ट काढतो आणि पायऱ्या चढायला लागतो. म्हातारा, जाडा माणूस. सगळं स्टेडियम बघतंय. बाजूला कुणी हसतंय, कुणी काहीतरी ओरडतंय. तो वर पोचतो, शर्ट पुढे करतो आणि काहीतरी बोलतो.

मला त्यातला एक शब्दही कळला नव्हता. आनंदीबाई म्हणाली, “टीचर, काय बोलला तो?”

मी खोकले. पण या वेळी नुसत्या खोकण्यावर भागणार नव्हतं. रेजिना माझ्याकडे बघत होती, मुलगी मांडीवर घेऊन. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, तो म्हणतोय, चूक माझी होती. तो म्हणतोय, तुझ्यासारखं मला कधीच खेळता येणार नव्हतं, म्हणून मी तुझं वाईट केलं. तुझ्या बापाकडे जाऊन मीच सांगितलं. तू घरी बसलास आणि मी मॅचला गेलो. त्या दिवसापासून तुझ्यासमोर यायची मला लाज वाटते.

“बाप तर मेलाय ना त्याचा?” आनंदीबाईनं विचारलं.

“सावत्र,” मी म्हटलं आणि पुढे चालू केलं. थांबताच येईना. तिकडे पोरानं शर्ट घातला, आई रडली, पोरगा मैदानात उतरला, बॉल खेळात आला, आणि माझा कोच इकडे माफीच मागत होता. दोन बास्केट झाल्या तरी त्याचं संपलं नव्हतं. मी गप्प झाले तेव्हा हॉलमध्ये चहूकडे नाकं ओढल्याचे आवाज येत होते आणि रेजिना मुलींना घेऊन दारातून बाहेर पडत होती. मॅच कोण जिंकलं, मला आजही माहीत नाही.

चादरी काढताना मी, आपल्या वक्तृत्वानं लोक रडले अशा समजात, आनंदीबाईला विचारलं की तुला नेमकं काय मनाला लागलं. खेळ तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती म्हणाली, “नंतरचं बोलनं काय मी ऐकलं नाय. तो मानूस सगल्यांदेखत पायऱ्या चढला ना, तेच. माझा भाऊस एक पायरी चढला नाय माज्या घरची. बारा वर्सं झाली.” आणि पदरानं डोळे पुसत टोपली उचलून गेली. मी इतकं जीव तोडून बोलले होते आणि लोक आपापल्या भावाला, दिराला, मुलाला त्या पायऱ्यांवर चढवून रडून मोकळे झाले होते. मी मात्र टीव्हीशेजारी जिथे होते तिथेच उभी होते.

रुडॉल्फ वायर गुंडाळत होता. हळूच म्हणाला, “टीचर, तो तसं काहीच म्हणाला नाही.”

“मग काय म्हणाला?”

“म्हणाला, बूट घातलेत ना? मग चल.”

म्हणजे सिनेमातल्या कोचनं माफी मागितलीच नव्हती. ती मागणारी हॉलमध्ये मी एकटीच होते, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर. जहाजावरचं इंग्रजी बरं असतं एवढं मनात म्हटलं.

होळीला जायला मला तीन दिवस लागले. अंतर सायकलवर वीस मिनिटांचं आहे. सोमवारी मला पेपर तपासायचे होते, मंगळवारी सर्दी झाली, बुधवारी सर्दी झाली नव्हती पण होईल असं वाटत होतं. गुरुवारी शाळा सुटल्यावर गेले. रेजिना वाडीत वांगी तोडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि परत तोडायला लागली. तिची माझी बोली घरची, पण लिहिताना माझ्या हातून शाळेचीच मराठी उतरते, त्याला इलाज नाही.

मी म्हटलं, “रविवारी सिनेमात तो कोच जे बोलला ना...”

“सिनेमातलं मला सांगू नकोस,” रेजिना म्हणाली. “त्याचं तो बोलला. तुझं तू बोल.”

हातात फूटपट्टी नव्हती, बाजूला टीव्ही नव्हता. मी बोलले, पण फारच वाईट बोलले. मधेच सिप्रियनकाकांना दोष देऊन पाहिला, मग तो मागे घेतला. तेव्हा आपण किती लहान होतो, असंही म्हणून पाहिलं. ती वांगी तोडतच राहिली तेव्हा शेवटी उरलं ते सांगितलं, की मी केलं, कळून केलं, आणि तू घरी बसल्यावर मला बरं वाटलं होतं.

रेजिनाच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. मला वाटलं, आता मारेल, आणि मारलं असतं तर माझी सुटकाच झाली असती. पण ती बांधावर खाली बसली आणि म्हणाली, “मग हिल्डा नव्हती.”

मला कळेना.

“तुम्हा दोघींनाच माहीत होतं. तू कॅप्टन. आपली टीम हरावी म्हणून कॅप्टन कशाला सांगेल? मी म्हटलं, हिल्डाच. तिच्याशी बोलणं सोडलं. तिच्या लग्नाला गेले नाही. तिचं पहिलं मूल गेलं तेव्हा मातीलाही गेले नाही. ती दोनदा आली होती माझ्याकडे, काय झालं विचारायला. मी दार लावून घेतलं.”

दोघींचं बोलणं बंद आहे हे मला माहीत होतं. कशावरून, ते मी तेरा वर्षांत कधी विचारलं नाही. माहेरची शेजारी-शेजारी घरं, असेल बांधावरून काही, असं धरून चालले होते. खरं म्हणजे तसं धरून चालणं मला सोयीचं होतं. आपल्या पापाचा पसारा एका घरापुरता आहे असं मी समजत होते, आणि तो हिल्डाच्या बाळाच्या कबरीपर्यंत गेलेला होता. मला तिथेच चिखलात रडू कोसळलं. रेजिनाला ते आवडलं नाही.

“रडणं नंतर,” ती म्हणाली. बादलीत हात धुतले, मोठीला धाकटीकडे बघायला सांगितलं, साडी बदलली. “चल. हिल्डाकडे.”

हिल्डा लग्नानंतर विरारला, मनवेलपाड्यात राहते. एस.टी.त रेजिना खिडकीशी बसली आणि विरार येईपर्यंत बाहेर बघत राहिली. रेल्वेचा पूल ओलांडून खाली उतरताना तिनं एकदाच विचारलं, “काय म्हणू मी तिला?” इंग्रजी पत्रांना उत्तरं सुचवणारी पॉलिन टीचर यावर काहीच सुचवू शकली नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही. या खेपेला खोकलेही नाही.

हिल्डाची खोली चाळीत, वरच्या मजल्यावर. जिना लाकडी आणि उभा. रेजिना पुढे, मी मागे. तिच्या टाचांना वाडीची माती तशीच होती. वर पोचेपर्यंत ती दोनदा थांबली; दम लागला म्हणून नव्हे. हिल्डानं दार उघडलं. पीठ मळत होती, हात पिठाचे. आम्हाला दोघींना एकत्र पाहून ती बाजूलाही झाली नाही आणि दारही लावलं नाही.

रेजिना म्हणाली, “हिल्डा, तू नव्हतीस.”

“मी नव्हतेच,” हिल्डा म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. रेजिनानं तिचे पिठाचे हात धरले. मग मी बोलले, सगळं, पहिल्यापासून, आधीपेक्षाही वाईट.

त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. हिल्डानं एक रेजिनाला दिली, दुसरीवर स्वतः बसली, आणि त्या दोघी तेरा वर्षांचं बोलायला लागल्या, आधी अडखळत, मग एकमेकींचं तोडून. मधे हिल्डानं उठून चहा ठेवला आणि दोन कपांत ओतला. मी दाराशी उभी होते. दिवे लागेपर्यंत उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही. पण जा असंही कुणी म्हटलं नाही, म्हणून मी उभी राहिले.