पायापुढचा धोटा

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे, शहापुरातल्या केदारी विणकराच्या मागावरचा. सुताची कांडी पोटात घेऊन साडीच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावायचे, एवढेच माझे काम. एकोणीसशे वीस साली सुताराने मला शिसवी लाकडातून घडवले आणि पुढे सोळा-सतरा वर्षे मी केदारीच्या हातांत खेळलो. त्याच्यासारखा हात साऱ्या गल्लीत नाही, असे लोक म्हणत. त्यातले अर्धे कौतुक माझे होते, पण ते कोण म्हणणार?

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. वैद्यांनी कंपवात सांगितला. हा बरा होत नाही, हळूहळू वाढतच जातो, असेही सांगितले. धागे तुटू लागले. शेवटी त्याची बायको बाळाबाई मागावर बसली. तिने नवा, हलका धोटा घेतला आणि मला दाराजवळच्या कोनाड्यात ठेवले. मला फार वाईट वाटले.

पुढे केदारीचे पायही अडू लागले. अंगणात बरा चालायचा, पण दाराशी आला की पाऊल उचलेना. एकदा आधारासाठी त्याने कोनाड्यात हात घातला आणि मी त्याच्या पायापुढे पडलो. धोट्याला पाय लागणे विणकराला पाप वाटते. त्याने घाईघाईने पाय उंच उचलला, मला ओलांडले आणि चक्क चालू लागला.

बाळाबाईने ते पाहिले. त्या दिवसापासून पाय अडला की ती मला पुढे ठेवी.

"लक्ष्मी हाय ती. रोज ओलांडू व्हय?" केदारी कुरकुरला.

"पाया पडा आन् चला," ती म्हणाली.

मला पुन्हा काम मिळाले.

चाळीस सालच्या खंडेनवमीला मागाची सगळी हत्यारे पूजेत मांडली होती, मीही होतो. पूजा घरच्या विणकराने करायची, पण केदारी दारातच अडला. धाकटा भाऊ भावकू त्याला हाताला धरून ओढू लागला. पाय काही हलेना.

"ऱ्हाऊ दे अण्णा, पूजा मी करतो."

केदारीचा चेहरा उतरला. बाळाबाई मला उचलायला वाकली.

"नगं गं," तो म्हणाला. "आज त्येचा मान हाय."

तिने भावकूचा हात सोडवला आणि केदारीपुढे स्वतःचे पाऊल आडवे ठेवले.

"मग मला ओलांडा."

"तुजी उंची खुंटंल."

"आता आनि किती वाढायची ऱ्हायलीया?"

बाळाबाई जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होती. कितीतरी दिवसांनी केदारी हसला आणि हसता हसता त्याचा पाय उचलला गेला.

तो माझ्यापुढे बसला. त्याला मला कुंकवाचे एकच बोट लावायचे होते, पण हात थरथरला आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झालो. भावकू पुसायला आला.

"पुसू नगा, भावजी," बाळाबाई म्हणाली. "अंगभर लावलंय त्यांनी."

त्याला आता सात वर्षे झाली. केदारी अंथरुणावर आहे आणि मी त्याच्या उशाशी. ते कुंकू माझ्या लाकडात अजून आहे. मित्रांनो, कुणाचा पाय अडला तर त्याला ओढू नका. त्याच्यापुढे काहीतरी ठेवा आणि थांबा. तो येतो.