राहिलेलं नख

खूर आणि नख हा नालबंदाचा प्रांत, तिथे इतरांनी लुडबूड करू नये, असं नालबंदानं भर अंगणात जाहीर केलं. मारका बैल दोरीनं आडवा पाडून चारही खूर तासणारा माणूस तो. बोलला ते शोभलं. मग नेलकटर घेऊन लेकीसमोर बसला आणि ते असं चाचपडत धरलं, की बायको म्हणाली, "आधी स्वतःचं बोट सांभाळा."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. कांजिण्यांनी भिंगरीचं खाटेवर गाठोडं केलं होतं. नर्सबाईंनी बजावलं होतं: कोमट पाण्यानं अंघोळ, अंग टिपायचं, घासायचं नाही, वर गुलाबी लोशन. नखं अगदी बारीक ठेवा. खपली ओरबाडली की खड्डा राहतो.

खड्डा म्हटल्यावर नालबंदाचा हात आपल्या नाकाकडे गेला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर लहानपणीच्या कांजिण्यांचा एक खड्डा होता, पोपटानं फळाला टोच मारावी तसा. गावानं तेव्हाच त्याला टोच्या करून टाकलं. खरं नाव बायकोला लग्न ठरल्यावर कळलं. पोरीला काहीही मिळो, हा वारसा नको.

सगळी नखं झाली, उजवी करंगळी राहिली. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "बाबा, दुखतं." बैल असं बोलत नाही, तिथेच सगळं अडलं. एवढीशी करंगळी, ती काय करणार, असं म्हणून त्यानं नेलकटर फडताळात टाकलं.

मग खाज सुटली. त्यानं वारा घातला, ओल्या फडक्यानं टिपलं, गोष्टी सांगितल्या. गोष्टीतल्या राक्षसालासुद्धा खाज सुटली, तेव्हा बायकोनं त्याला गप्प बसवलं. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या, की खाजवू देऊ नकोस. जणू तो दिवसभर पोरीला आग्रह करत होता. पोर रडायची आणि एवढा धिप्पाड माणूस हातावर हात ठेवून बघत बसायचा. दोरी लावावी असं त्यात काही नव्हतं.

खपल्या वाळल्या तसा त्याच्या जिवात जीव आला. अंगणात कुणाचा तरी बैल आला होता म्हणून तो जरा उठला. नाल ठोकून परतला, तर भिंगरीच्या नाकाच्या शेंड्यावरची खपली गेलेली. बापाचीच जागा. करंगळीच्या नखात रक्त.

दवाखान्यात नर्सबाईंनी बघितलं. "थोडं भरून येईल. पुरतं जाईल असं नाही सांगत. नवी खपली धरेल, तिला हात लावू देऊ नका. आणि उन्हात नेऊ नका."

घरी येऊन त्यानं ते नख कापलं, पोरीच्या दोन्ही हातांत मोजे चढवून मनगटाशी बांधले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. इथे बैल अंगणातच रवंथ करत उभा होता. बायकोनं लोशनची बाटली त्याच्यापुढे सरकवली. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटी तो खाटेशी बसला. "भिंगरे, उद्या तुला कुणी टोची म्हणालं, तर त्याच्या टाचेला नाल ठोकीन. मग तो कुणी का असेना. तुझा बाप अजून उभा आहे. तुला काय हवं ते माग."

भिंगरीनं बराच विचार केला. मग मोज्यातले दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "शेंबूड आलाय. पुस ना. पण खपलीला नको लागू देऊस."