आठ लाल ठिपके

मी एक जुना ऑक्सिजन सेन्सर आहे. मित्रांनो, माझे नाव तुमच्या कानावर आले नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. आम्ही सहसा कुणाला दिसत नाही. अंगठ्याएवढे शरीर, टोकाला भोके असलेली पोलादी टोपी आणि मागे चार तारा. इंजिनातला धूर ज्या नळीतून बाहेर जातो, तिच्यात आम्हाला आटे फिरवून बसवतात. माझ्या एका अंगाला बाहेरची हवा असते, दुसऱ्या अंगाला धूर. दोन्हींतल्या ऑक्सिजनमध्ये फरक किती, हे मी विजेच्या बारीकशा इशाऱ्याने गाडीच्या संगणकाला कळवतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडले असे समजायचे. कमी उरला, तर जास्त झाले. संगणक माझे ऐकून पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो.

थोडक्यात, संशय घेणे हे माझे काम. इंजिन म्हणते, "सगळे ठीक आहे." मी म्हणतो, "बघू." हे दिवसभर चालते.

मी एका वेगवान गाडीत होतो. ती पहिल्या मालकाकडून अजेयकडे आली. अजेय साताऱ्याचा, सरकारी अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला आला आणि गार्डन रीचच्या सरकारी वसाहतीत राहू लागला. बायको विनीता बँकेत. मुलगी सायली अकरा वर्षांची. ती सहा वर्षांची असताना ते इथे आले, त्यामुळे तिचे मराठी थोडे हिंदीच्या, थोडे बंगालीच्या वळणाचे झाले होते. आठवडाभर गाडी उभीच असे. रविवारी सकाळी मात्र अजेय सायलीला दक्षिण कोलकात्यात मराठी मंडळाच्या वर्गाला घेऊन जाई. सायलीला तो वर्ग अजिबात आवडत नसे. हे सर्वांना माहीत होते, आणि हेच पुढे तिच्या अंगाशी आले.

अजेयला गाडीचा आवाज आणि जोर वाढवायचा होता. इंजिनाला चिकटून बिडाची एक जाड, आखूड नळी होती. चारही सिलिंडरांचा धूर तिच्यात एकदम कोंडला जाई. ती काढून चार लांब, वेगवेगळ्या नळ्या बसवल्या, की प्रत्येक सिलिंडरचा धूर दुसऱ्याला न अडवता पुढे जातो. या नळ्यांना हेडर म्हणतात. वसाहतीजवळच अरुणदांचे गॅरेज होते. त्यांनी दोन दिवस खपून ते काम केले. धूर शुद्ध करणारा डबाही काढला. "जागा नाही," ते म्हणाले. मला तेव्हाच ते खटकले होते. मला हातभर खाली, नळ्या एकत्र येतात तिथे बसवले आणि माझ्या तारा लांबवल्या.

अरुणदांचा हात मात्र साफ होता. हेडर इंजिनाला आठ नटांनी जोडले होते. प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळला, की ते त्यावर लाल रंगाचा ठिपका देत. ठिपका म्हणजे काम पुरे. या वेळी मात्र त्यांनी ठिपके दिले नाहीत.

"दादा, अभी नहीं," ते अजेयला म्हणाले. "नया लोहा है, गरम होगा तो बैठेगा, नट ढीला होगा. सौ किलोमीटर चलाइए, ठंडा करके लाइए. फिर कसके रंग लगाऊँगा."

अजेयने बजबज गावापर्यंत दोनदा फेऱ्या मारल्या. आवाज दणदणीत येत होता. तो खूश होता. मग एका सकाळी त्याने थंड गाडी गॅरेजात सोडली, किल्ली दिली आणि तो कचेरीत गेला.

तो दिवस विश्वकर्मा पूजेचा होता. बंगालमध्ये त्या दिवशी कारागीर हत्यारांची पूजा करतात. पाना, हातोडा, जॅक, सगळे धुऊन पुसून देवापुढे मांडतात आणि दिवसभर त्यांना कामाला लावत नाहीत. गॅरेजात खिचडीचा प्रसाद शिजत होता, छपरावर पतंग उडत होते. अरुणदांनी मोठ्या मायेने आमच्या गाडीचे बॉनेट उघडले. नवे काम होते ना! त्यांनी बोट इकडच्या लालभडक शेंदरात बुडवले आणि आठही नटांना एकेक टिळा लावला.

संध्याकाळी अरुणदा छपरावर होते, किल्ली गाडीलाच होती. अजेयने बॉनेट उघडले, आठ लाल ठिपके मोजले, खालूनच हात हलवला आणि गाडी घेऊन निघाला. अरुणदांना वाटले, दादा उद्या पुन्हा आणतील. गाडी आली नाही तेव्हा त्यांना वाटले, साहेब दुसऱ्या गॅरेजात गेले असणार. विचारायला कुणीच गेले नाही. मला सगळे ठाऊक होते, पण मला बोलायला फक्त चार तारा होत्या.

आठवड्यातच दोन नट सैल झाले. इंजिन आणि हेडर यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली. तिच्यातून धूर बॉनेटखाली येऊ लागला. पुढच्या काचेखाली एक जाळी असते, तिच्यातून गाडीत बाहेरची हवा घेतली जाते. धूर तिथे पोचला. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो.

पहिल्या रविवारी खिदिरपूरच्या पुलाजवळ गर्दीत गाडी थांबली, तेव्हा मागच्या सीटवरून सायली म्हणाली, "बाबा, माझा डोकं दुखतोय."

"माझं डोकं," अजेय म्हणाला. "बघ, म्हणूनच वर्गाला जायला हवं."

"माझं डोकं. आणि उलटीसारखं होतंय. काच खाली करू?"

"बाहेर किती धूळ आहे! थांब, एसीत ताजी हवा घेतो." त्याने बटण दाबले आणि जाळीचे तोंड उघडले. ताजी हवा म्हणून जे आत आले, ते काय होते हे तुम्हाला आता कळलेच असेल.

दुसऱ्या रविवारी तिला उलटी झाली. तिसऱ्या रविवारी तिने गाडीत बसायलाच नकार दिला.

"शनिवारी पोहायला जाताना दुखत नाही तुझं डोकं," विनीता म्हणाली. "रविवारीच बरं दुखतं!"

"पोहायला मी सायकलनं जाते, आई."

"वकील झालीस की! चल, चप्पल घाल."

मित्रांनो, हे उत्तर किती नेमके होते! पण ज्याच्यावर आधीच संशय आहे, त्याचा पुरावा कुणी पाहत नाही.

माझेही तेच झाले. संगणक माझ्या सांगण्यावरून पेट्रोल वाढवत राहिला. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर त्याने समोरचा पिवळा दिवा लावला. "नव्या नळ्या बसवल्या की सेन्सर वेड्यासारखं करतो, इंटरनेटवर सगळे सांगतात," अजेय म्हणाला, आणि त्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी फार दुखावलो. मला वाटले, या घरात खरे बोलणारे दोघेच, मी आणि सायली.

मग एका रविवारी अजेयला काम निघाले आणि विनीता सायलीला बसने घेऊन गेली. बस खचाखच भरलेली. पुढच्या ट्रकचा काळा धूर खिडकीतून आत येत होता. सायलीने वाटेत झालमुडी, म्हणजे इकडची तिखट भेळ, खाल्ली, आईच्या वाट्याचीही खाल्ली, आणि वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "आज नाही दुखलं."

रात्री जेवताना विनीताने हे अजेयला सांगितले. "बसमध्ये हिला काहीच होत नाही. मला गाडीचाच संशय येतो."

"गाडीचा? अगं, नट मी स्वतः बघितलेत. आठच्या आठ."

"बरं. पुढच्या रविवारी मी हिच्या शेजारी मागे बसते."

तो रविवार मी विसरणार नाही. खिदिरपूरजवळ एक ट्रक बंद पडला होता. वाहने वीस मिनिटे जागची हलली नाहीत. इंजिन चालू, काचा बंद, ताजी हवा चालू. विनीताच्या कपाळावर घट्ट पट्टा आवळल्यासारखे झाले. तिने कपाळ दाबले आणि शेजारी पाहिले. सायली तिच्या खांद्यावर झोपली होती.

"सायली, ऊठ. सायली!" मुलगी डोळे उघडेना. "अजेय, गाडी बंद कर! बंद कर आधी!"

तिने दार ढकलले आणि मुलीला ओढून फुटपाथवर आणले. चहावाल्याने बाक रिकामा केला. "दीदी, इधर सुलाइए! हवा छोड़ो, सब हटो!" अजेय धावत आला. त्याचेही डोके भणभणत होते, पण ते त्याला आत्ता जाणवले.

मी थंड होत होतो. ते तिघे रुग्णालयाकडे निघाले, मी मागेच राहिलो. शेवटचे जे ऐकले, ते अजेयचे होते. "सायू, बाबा ऐकतोय गं. बोल ना काहीतरी."

पुढचे मला घरातल्या बोलण्यातून कळले. रुग्णालयात सायलीला मास्कमधून ऑक्सिजन दिला. ज्या वायूचा मी आयुष्यभर पाठलाग केला, तोच. दुपारपर्यंत ती बोलू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थोडा वेळ काचा बंद असत्या, तर मी तुमच्याशी वेगळंच काही बोलत असते."

गाडी दोरीने ओढून अरुणदांकडे आणली. अजेय तापला होता. "आठो नट पे आपका रंग था! मैंने खुद गिना!"

अरुणदांनी बॉनेट उघडले. दोन नटांभोवती काजळी पसरली होती. त्यांनी शेजारच्या नटावरून अंगठा फिरवला आणि तो अजेयपुढे धरला. अंगठा लाल झाला होता.

"दादा, रंग हाथ में नहीं आता. ये तो सिंदूर है. पूजा का दिन था, उस दिन हम पाना छूते ही नहीं." त्यांचा आवाज खाली गेला. "पर मुझे फोन करना चाहिए था. मेरा भी दोष है."

"और मुझे पूछना चाहिए था," अजेय म्हणाला. विनीताने गाडीत वाकून दिव्यावरची काळी पट्टी नखाने सोलून काढली.

मला वाटले, आता माझा गौरव होणार. अरुणदांनी मला नळीतून काढले आणि उजेडात धरले. मी काजळीने काळाकुट्ट झालो होतो.

"फट से बाहर का हवा अंदर जाता था," ते म्हणाले. "ये बेचारा समझा, पेट्रोल कम है. इसने बढ़वा दिया. जितना पेट्रोल, उतना ज़हर."

मित्रांनो, हे ऐकून मी सुन्न झालो. मी खोटे बोललो नव्हतो. धुरात ऑक्सिजन खरेच जास्त होता. पण तो फटीतून आला आहे, हे मला सुचले नाही. मी साऱ्या इंजिनावर संशय घेतला, स्वतःच्या समजुतीवर एकदाही घेतला नाही. आणि माझ्या प्रत्येक खऱ्या इशाऱ्यासरशी त्या मुलीच्या श्वासातले विष वाढत गेले.

अजेयने हेडर उतरवले. बिडाची जुनी नळी आणि धूर शुद्ध करणारा डबा परत बसला, माझ्या जागी नवा सेन्सर आला. अरुणदा आता पूजेच्या दिवशी गॅरेजात गाडीच घेत नाहीत. मला सायलीने मागून घेतले. तिने मला जुन्या ब्रशने घासले, पण काजळी पुरती निघाली नाही. सध्या मी तिच्या टेबलावर असतो.

परवाच्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, आज वर्गाला नको ना." अजेय हातातला चहा तसाच ठेवून उठला, खाली गेला आणि दहा मिनिटांनी काळे हात घेऊन वर आला. "गाडी ठीक आहे. तुला काय होतंय?"

"मला काही नाही होत. कंटाळा आलाय."

विनीता हसू लागली. "हेही खरंच बोलतेय!" मग तिघेही वर्गाला गेले, बसने.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. यंत्रावर घ्या, ठिपक्यावर घ्या, माझ्यासारख्या स्वतःला शहाणा समजणाऱ्यावर तर आधी घ्या. पेटलेला दिवा झाकू नका. आणि शेजारी बसलेले कुणी म्हणाले, की मला कसेतरी होते आहे, तर पहिल्यांदा काच खाली करा. खरे-खोटे मागाहून पाहता येते.