राणी कोंडली आणि पान गेलं

"मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. आपल्याकडे नसलं तर कुठं आहे ते शोधायचं." विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी रुजू झाले, त्या दिवशी तेव्हाच्या प्रमुखबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं. तेव्हा मागणारे दारातून येत. आता घरी बसून मागतात. त्यांत माझी वहिनीही आली.

वहिनी मधमाश्या पाळते. तिच्या पेट्यांत बारीक लाल किडा शिरला होता. त्यावरचा इलाज आमच्याच विद्यापीठातल्या सरांनी शोधलेला. पण लेख छापून आला एका महागड्या मासिकात, आणि ते आता ग्रंथालयालाही परवडत नाही.

"वन्सं, चार ओळी वाचल्या की पैसे मागतात," वहिनी म्हणाली. "माझ्या माश्या तोवर दम धरतील होय?"

मी तिला शब्द दिला.

मासिकाचं छापील पान वाटता येत नाही. पण लेखकाचा स्वतःचा शेवटचा मसुदा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवायला मासिकाची हरकत नव्हती. "फुकट मिळालेलं कोण वाचतं?" सर कुरकुरले, पण मसुदा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो चढवला. दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, रोजचंच. काउंटरवरची मुलगी म्हणते, बाई असताना 'शांतता राखा'ची पाटी कशाला हवी.

बाराला थोडा वेळ असताना सर धापा टाकत आले. "बाई, काढा तो लेख. आधी काढा."

मसुद्याच्या समासात त्यांचे खासगी शेरे तसेच राहिले होते. लेख तपासणाऱ्या परीक्षकाबद्दल एक होता: 'या गृहस्थांना अजून एकही माशी कशी चावली नाही?' काउंटरवरची मुलगी खाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

मी लेख काढला. 'नुसते शेरे पुसू या' अशी चिठ्ठी लिहून दिली, ती सरांनी न वाचताच खिशात घातली. "आता माझं काही म्हणता काही खुलं ठेवायचं नाही."

बारा वाजले आणि वहिनीचा फोन आला. आवाज असा की सरांनाही ऐकू जावा.

"वन्सं, पान कुठं गेलं? राणीला वेगळं कोंडायचं, म्हणजे नवी अंडी नाहीत नि किड्याला वाढायला जागा नाही, इथवर वाचलं. मी कोंडली की तिला. किती दिवस, ते पुढच्या पानावर होतं."

मी फोन सरांपुढं धरला.

"तीन आठवडे," सर म्हणाले. "हो, खायला बाकीच्या माश्या देतात. काय? माश्या रुसत नाहीत ना, म्हणता?" त्यांना हसू आलं. "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं."

फोन ठेवताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. "बाई, सकाळपासून तो लेख किती जणांनी उघडला?"

"बऱ्याच जणांनी."

"त्यांनीही राण्या कोंडल्या असतील तर? सरका जरा."

माझ्याच खुर्चीत बसून ते एकेक शेरा पुसू लागले. एका ठिकाणी अडले. "हा मात्र खरा आहे हो."

"पुसा, सर."

पुसला.

चहा यायच्या आत लेख परत वर गेला. निघताना सर दारात वळले. "जुने मसुदेही पाठवतो. पण समास वाचल्याशिवाय एकही चढवायचा नाही. शब्द द्या."

दिला.

आज सकाळी प्रार्थना आटोपून, मौन धरून मी जागेवर बसले. चष्मा पुसला. सरांचा सगळ्यांत जुना मसुदा उघडला. मजकूर नंतर, आधी पहिल्या पानाचा समास.