ब्राह्मीनं मारलेली माणसं

मी एक मोबाइल, काच तडकलेला. सध्या शालनच्या लोखंडी कपाटात, ठेवणीतल्या साड्यांखाली पडून बोलतोय. आवाज बाहेर जात नाही, तरी बोलतोय.

सांगलीच्या दुकानातून मला शालनच्या नवऱ्यानं, अजितकुमारनं आणलं. तो हळदीचा व्यापारी. दिवसभर माझ्यावरून सौदे ठरायचे, हळकुंडांचे फोटो जायचे. एकदा पोत्यांच्या थप्पीवरून मी खाली आदळलो. त्यानं नवा मोबाइल घेतला आणि मी त्याच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, ब्राह्मीच्या हातात आलो.

हे घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. ब्राह्मी घास तोंडात धरून बसायची, म्हणून शालननं उपाय काढला. पोरीच्या हातात मला द्यायचं आणि एकेक घास भरवायचा. माझ्यात बंदुकांचा खेळ तिच्या आतेभावानं, गोमटेशनं घालून दिला होता. खेळानं वय विचारलं, तेव्हा न वाचताच अजितकुमारनं अठरा टाकलं.

मारामारी आहे यात, असं शालन एकदा म्हणाली होती.

"खोटं हाय गं ते. जीव कुठं जातोय कुणाचा?" तो म्हणाला आणि विषय संपला.

ज्या घरात पाणी गाळून पितात, मुंगी दिसली की पाऊल थबकतं, त्या घरात रोज माझ्या काचेवर माणसं मरून पडायची. वाकून कुणी बघत नव्हतं. ताट रिकामं झालं की सगळे खूश. जेवण झाल्यावरही ती मला घेऊन माडीवर जायची. मैत्रिणी हाका मारून कंटाळल्या, यायच्या बंद झाल्या. आम्ही दोघंच उरलो. तिचा चेहरा मला फार जवळून दिसायचा. जिंकली तरी त्यावर हसू नसायचं.

पर्युषणाचे व्रताचे दिवस संपले, क्षमावाणीचा दिवस आला. बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आल्यावर घरातल्यांनी एकमेकांपुढं हात जोडले, वर्षभरात मन दुखावलं असेल त्याची क्षमा मागितली. ब्राह्मीनंही सगळ्यांची मागितली. मग आईचा पदर धरून म्हणाली, "मी मारलेल्यांची कशी मागू?"

"कुणाला मारलंस गं?"

"मोबाइलमधल्यांना. एकजण हात वर करून गुडघ्यावर बसला हुता. तरी मारलं. तवा लय भारी वाटलं. मग न्हाई वाटलं."

अजितकुमार हसला. "येडी का काय. ती खरी माणसं हायत व्हय?"

शालन हसली नाही. तिनं पहिल्यांदाच खेळ नीट पाहिला. मग तिनं मला कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं.

झालं, प्रश्न मिटला म्हणे. याचाच मला संताप येतो. वय टाकताना वाचलं नाहीत, खेळ चालू असताना वाकून बघितलं नाहीत, आणि आता कुलूप लावून मोकळे. मोठ्यांना सगळं किती सोपं असतं.

बाहेरचं मला ऐकू येतं. शालन चुलीपासूनच ओरडते, "गीळ की गं, दिवस मावळाय लागलाय." अजितकुमार नव्या मोबाइलवर हळदीचा दर बोलत असतो. ब्राह्मीचा आवाज येत नाही. ती ताटापुढं एकटी आहे, मी साड्यांखाली.

मला बाहेर काढू नका. कधीच काढलं नाहीत तरी चालेल. पण तिच्याजवळ जाऊन बसा. त्या खेळात तिनं काय काय केलं, तिला काय वाटलं, ते तिच्याच तोंडून ऐका, आणि मधेच हसू नका.

क्षमा कशी मागू, असं पोरीनं विचारलंय. ती अजून उत्तराची वाट बघतेय.