एकतीस थरांचा निळा रंग

मित्रांनो, मला दोन चाके आहेत, पण आपल्या मनाने मी कधी हातभरही हललेलो नाही. कोणी ओढले तर चालायचे आणि सोडले तर नाक जमिनीला टेकवून उभे राहायचे. होडीला पाठीवर घेऊन समुद्रापर्यंत न्यायचे आणि परत घरी आणायचे, एवढ्यासाठी मला बनवले गेले. मी होडीचा ट्रेलर आहे, जुना, निळा. विच्को बार्बांच्या अंगणात, अंजिराच्या झाडाखाली माझी जागा आहे. माझ्या पाठीवर आता काही नाही.

बेटावरच्या आमच्या लुचिना गावात, समुद्रावर केस पांढरे झालेल्या माणसाला बार्बा म्हणतात. पण मी या अंगणात आलो तेव्हा विच्को बार्बांचे केस काळेभोर होते. गावच्या लोहाराने चौकोनी पोकळ नळ्या जोडून माझी चौकट केली, खाली स्प्रिंगचे पाटे आणि चाके बसवली, पुढे लांब दांडा काढला. दांड्याच्या पोटाला त्याने करंगळीएवढे भोक पाडले होते.

"विच्को, हे भोक चुकून पडलेलं नाही," तो म्हणाला होता. "समुद्राचं पाणी आत शिरणारच. ते इथून बाहेर जाईल. एवढं जप."

बार्बांनी मान हलवली. त्यांचे लक्ष नव्हते. धक्क्यावर त्यांची नवी होडी वाट पाहत होती. तिचे नाव लास्ता.

वर्षातून दोनदा माझे काम असे. वसंतात लास्ताला पाण्यात सोडायचे, आणि हिवाळ्यातला बोचरा वारा, ज्याला आमच्याकडे बुरा म्हणतात, तो सुटायच्या आधी तिला बाहेर काढायचे. धक्क्याच्या उतारावरून मागे मागे जात मी खाऱ्या पाण्यात शिरत असे. पाणी आधी चाकांना लागे, मग पाट्यांना, मग चौकटीला. लास्ता अंगावर हलकी हलकी होत जाई आणि एका क्षणी तिचे वजनच नाहीसे होई. मी रिकामा वर येत असे, निथळत.

आमच्या गावात होडीचा उरलेला रंग पुढच्या वर्षासाठी ठेवत नाहीत. ज्याच्या होडीचा जो रंग, तोच त्याच्या फाटकाला, खुर्च्यांना, कोंबड्यांच्या खुराड्याला. आमच्या घरी उरलेला निळा माझ्या वाट्याला येई. दर वसंतात बार्बा गुडघ्यावर बसून मला रंगवत. एक कोपरा सोडत नसत. लोक फाटकाशी थांबून म्हणत, "विच्को, तुझा ट्रेलर लग्नाला निघालाय की काय?" बार्बा हसत आणि आणखी एक हात मारत. मलाही ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

ब्रश त्या भोकावरूनही फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा फिरला. दहाव्या की अकराव्या वर्षी भोक दिसेनासे झाले. त्यानंतर जे पाणी आत गेले ते आतच राहिले. मी नाक टेकवून उभा असे, म्हणून ते सगळे दांड्यात उतरे. हिवाळाभर मला ते आत जाणवत असे. सांगणार कोणाला? वरून मी दर वर्षी अधिकच देखणा होत होतो.

मग लास्ता म्हातारी झाली. तिच्या फासळ्या कुजल्या, तळाच्या फळ्यांत सुरी लोण्यासारखी जाऊ लागली. दर्यावर्दींच्या संत निकोलाच्या सणाला, डिसेंबरात, आमच्याकडे टेकडीवरच्या देवळासमोर एक जुनी होडी जाळतात. तिची राख सांभाळून ठेवतात आणि नव्या होडीच्या तळाशी चिमूटभर घालतात. होडीला याहून मोठा मान नाही. त्या वर्षी गावाने लास्ताचे नाव ठरवले. बार्बा दोन दिवस लास्तापाशीच बसून होते. तिसऱ्या दिवशी रंगाचा नवा डबा घेऊन आले. आधी तिला रंगवले, मग मला. तो माझा एकतिसावा थर.

ठरले असे की शेजारच्या शिमेचा ट्रॅक्टर मला ओढणार, माझ्यावर लास्ता, आणि मागे गावातली सगळी मुले तिला हात लावून टेकडी चढणार. हीच रीत आहे. होडीच्या घरचे मूल सगळ्यांत जवळ असते. म्हणजे लूत्से, बार्बांची पाच वर्षांची नात.

लूत्सेची आई दिन्का मुख्य भूमीवरून सून होऊन आलेली. नवरा जहाजावर, सहा सहा महिने बाहेर. पायरीवर सांडलेले पाणी घरात सगळ्यांच्या आधी तिलाच दिसते. गावात तिची थट्टा होते, की दिन्का पावसालाही विचारते, कुठे पडणार आहेस म्हणून.

सणाच्या दोन दिवस आधी ती हातोडी, पेचकस आणि जॅक घेऊन माझ्यापाशी आली. बार्बा खुर्चीत बसून जाळे विणत होते. शिमे ट्रॅक्टरचा हुक जुळतो का पाहायला आला होता.

तिने आधी माझ्या टायरची कड अंगठ्याने दाबली.

"नक्षी बघ की," बार्बा म्हणाले. "नव्यासारखी आहे."

"नक्षी चालून झिजते, बाबा. हा चाललाय कुठे? रबर उभ्या उभ्याच म्हातारं होतं." तिने कडेच्या भेगा दाखवल्या. नख आत जात होते.

मग जॅक लावून तिने चाक उचलले आणि फिरवले. आतून खरखर आली. वर-खाली हलवले तर चाक डुगडुगले. शिमे म्हणाला, त्यात काय, माझ्याकडे दोन चाके आहेत, बेअरिंगही बदलून देतो, उद्या संध्याकाळपर्यंत तयार. माझ्या जिवात जीव आला. मित्रांनो, मला टेकडी चढायची होती. लास्ताला मी बासष्ट वेळा वाहिले होते. शेवटचे वजन दुसऱ्या कोणाच्या पाठीवर जावे हे मला सहन होत नव्हते.

दिन्काने हातोडी घेतली. मागून सुरुवात केली. ठण्. हात पुढे सरकला. ठण्. मी स्वच्छ वाजत होतो.

"वहिनी, डॉक्टरसारखं ठोकताय," शिमे म्हणाला. "खोकायलाही सांगा त्याला."

ती हसली नाही. दांड्यापाशी आली. मला कळत होते ती कुठे चालली आहे. अंगात असेल नसेल तेवढे लोखंड गोळा करून मी एकदाच खणखणीत वाजायचे ठरवले.

हातोडी पडली. थप्.

पुन्हा. थप्. भिजल्या लाकडासारखा आवाज.

दिन्का खाली वाकली आणि म्हणाली, "बाबा, हुकाच्या मागे दांडा गेलाय."

"काल रंगवलाय तो," बार्बा म्हणाले.

"रंग चांगलाय. आत काही नाही. आधाराची साखळीसुद्धा त्या जागेच्या पुढे बांधलीय. चढावर हा इथून तुटला तर साखळी ट्रॅक्टरलाच लटकत राहील. आणि मागे..." ती थांबली. लूत्से भिंतीवर पाय हलवत बसली होती.

"एकतीस वर्षं झाली," बार्बा म्हणाले. "एकदा तरी पाडलं का त्यानं लास्ताला?"

"नाही पाडलं. म्हणूनच आज आपण त्याला तेवढं ओझं द्यायचं नाही."

बार्बा उठले. तिच्या हातून पेचकस घेतला, दांड्याच्या पोटाला टेकवला आणि दाबला. फार जोर लावावा लागला नाही. निळ्या रंगाची जाड साल निघाली, तिच्यामागून लोखंडाचे ओले पापुद्रे, आणि मग लालसर पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. किती वर्षांचे पाणी होते ते, मलाही माहीत नाही.

ते गुडघ्यावर बसले. बोटाने चाचपत लोहाराच्या भोकाची जागा शोधली. एकतीस थरांखाली एक छोटा खळगा लागला.

"हे मीच बुजवलं," ते म्हणाले.

दिन्काने फडके आणून त्यांचा हात पुसला.

सणाच्या दिवशी लास्ता माणसांच्या खांद्यावरून गेली. ट्रेलर नव्हते तेव्हा म्हणे असेच नेत. वीस माणसे आणि चार लांब वासे. दिन्काने मुलांना मागून काढून पुढे चालायला लावले. म्हाताऱ्या बायका रीत मोडली म्हणून कुरकुरल्या, तिने ऐकून घेतले. गल्लीच्या वळणावर लास्ताचे निळे टोक एकदा दिसले, मग नाही. मी अंगणातच होतो. थोड्या वेळाने टेकडीवरून धूर वर आला आणि वाऱ्याने समुद्राकडे गेला.

संध्याकाळी बार्बा परत आले ते रुमालात राख बांधून. लूत्सेने त्यांचा हात धरला होता. माझ्यापाशी थांबून तिने विचारले, "आजोबा, ह्यालापण जाळायचं?"

"लोखंड जळत नसतं, बाळा," बार्बा म्हणाले. "ते नुसतं गंजतं."

दुसऱ्या दिवशी ते ड्रिल घेऊन आले. ज्या दांड्याला आता कोणी काही जोडणार नाही, त्याच्या पोटाला, लोहाराने पाडले होते त्याच जागी, त्यांनी करंगळीएवढे भोक पाडले. कडा कापडाने पुसल्या. मग आत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे ओझे वाहणारे कोणी असेल. त्याच्या रंगावर जाऊ नका. खाली वाका, भोक उघडे आहे का बघा. चाक फिरवून कान लावा. हातोडीने ठोका आणि आवाज ऐका. ठोकल्याने आम्हाला राग येत नाही. कोणी ठोकतच नाही, तेव्हा मात्र आम्ही आतून संपत जातो, आणि मग एखाद्या चढावर तुमची मुले आमच्या मागे असतात.

आता पुन्हा वसंत आला आहे. अंगणाअंगणातून रंगाचा वास येतो. विच्को बार्बा ब्रश धरत नाहीत. ते घरोघर फिरतात आणि दुसऱ्यांच्या ट्रेलरखाली वाकून बोटाने भोक चाचपतात. परत येताना माझ्याशेजारून जातात, पण थांबत नाहीत. पाऊस पडला की माझ्यातले पाणी त्या भोकातून थेंब थेंब गळून जाते. एक थेंबही आत राहत नाही.