पडद्यावरचं मोहफूल

"बाई, आपलं फूल कुठी गेलं?"

प्रोग्राम बसवून झाला होता. सोमारीबाई पडद्याला नाक लावून शोधत होत्या. फुलाच्या जागी नुसता कोरा पांढरा कागद! ग्रामसभेच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर तसे कागद आधीच चार होते.

या गावात मोहाचं कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे आजे-पणजांपासून ठरलेलं. ती सगळी झाडं फोटोसकट नोंदवायला मी हा प्रोग्राम केला. सोमारीबाईंना वाचता येत नाही, म्हणून आत सगळी बटणं चित्रांची, आणि उघडायचं चित्र त्यांनीच काढून दिलेलं मोहाचं फूल. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर शिकल्या. आज बारा वाजता त्यांनी सगळ्यांसमोर यादी उघडून दाखवली, तर नोंदी त्यांच्या हाती राहणार होत्या. नाहीतर तालुक्याहून माणूस येणार होता.

"मी म्हणलोच होतो," अध्यक्ष भैयाजी म्हणाले. "इले एबीसीडी नाई येत, अन् कॉम्प्युटर चालवून राह्यली!"

"तुमाले येते न? मंग सांगा, यातलं आपलं कोणतं?"

भैयाजी वाकले. डोळे बारीक केले. "चष्मा घरी राह्यला."

दाराशी उभी असलेली सोमारीबाईंची नात चंदा खुदकन हसली.

मी त्या कागदावर उजवं बटण दाबलं, चित्र बदलायची खिडकी उघडली. डी ड्राइव्हमधल्या 'श्री' फोल्डरात फाइल सापडत नाही, असं लिहिलेलं! कोणतंही काम करायचं तर मी पहिलं फोल्डर देवाच्या नावानं काढते, ही माझी सवय. फूल तिथंच ठेवलं, प्रोग्रामला पत्ताही तिथलाच दिला. इथं तर डी ड्राइव्हच नाही. माझ्या घरचा देव्हारा इथं कुठून येणार?

लॅपटॉप तिकडं मूल गावी, माझ्या घरी. सव्वाअकरा झालेले. रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. एकादशीच्या उपाशी पोटी मी पदर खोचून अक्षरशः पळाले आणि घरी फोन लावला.

"प्रिया, 'श्री' उघड. मोहाचं फूल पाठव. फोटो म्हणून नको बरं, फाइल म्हणून!"

"आई, तुम्ही पळून राह्यल्या का?" सून घाबरलीच.

"पाठव गं, मग बोलू!"

इवलीशी फाइल, पण डाउनलोडचा तो गोल भरता भरेना. आली! तशीच परत धावले. मोबाइल वायरीनं जोडला, फूल प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवलं आणि पत्ता तिथला दिला. आता हे चित्र त्याच्याजवळच राहील.

पडद्यावर मात्र कागद तसाच. बाहेर माणसं सतरंजीवर बसायला लागली होती. जुनं चित्र कॉम्प्युटरच्या आठवणीत असेल, असं वाटून मी तो बंद करून परत सुरू केला. रामनाम घेत उभी राहिले. निळा पडदा... काळा... आणि मग, डाव्या कोपऱ्यात, पिवळसर फूल!

"हे पाय! माह्यं फूल!" सोमारीबाई ओरडल्या आणि माझ्या आधी त्यांनी माऊस धरला. टकटक. यादी उघडली. नीलाबाईचं झाड, फोटोसकट. बुधूचं झाड. बाहेरचे सगळे आत घुसले. एकच गलका.

"नोंदी सोमारीकडेच," भैयाजींनी तिथंच सांगून टाकलं आणि कोपरानं वाट काढत पुढं आले. "आता माह्यं दाखव."

सोमारीबाईंनी मानही वर केली नाही. "बसा भाऊ. नंबर आला का बोलावतो."